लाल ठिपक्याचा कप

मी, डॉ. प्रताप बाळासाहेब सरनोबत, वय एकाहत्तर, निवृत्त डॉक्टर, राहणार लेटरकेनी, आयर्लंड, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. किळस मात्र आहे, आणि ती खाली ठिकठिकाणी दिसेल. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझी गाडी मूळच्या आफ्रिकेतल्या फोलाके अदेयेमी यांना द्यावी. २०१८ साली खुब्याचे हाड मोडले तेव्हापासून त्या रोज येऊन माझी देखभाल करतात. मी त्यांना घर द्यायला निघालो होतो. त्या नको म्हणाल्या. का, ते कलम चारमध्ये आहे.

२. गुलामगिरीच्या इतिहासावर तीस वर्षे जमवलेली माझी पुस्तके इथल्या मराठी मंडळातल्या, स्लायगो गावच्या तरुण अश्लेषाला द्यावीत. मंडळाला एकही देऊ नये. जून २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाने केलेल्या कृष्णवर्णीयाच्या त्या खुनानंतर मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तम यांनी स्वतःच्या फोटोच्या जागी निषेधाचा काळा चौकोन लावला आणि मला झूमवर व्याख्यान द्यायला सांगितले. त्याच आठवड्यात सँट्रीतला आपला फ्लॅट भाड्याने देताना त्यांनी एजंटला बजावले, "कोणीही चालेल, फक्त आफ्रिकन नको." माझ्या शोकसभेत या गृहस्थांच्या हाती माइक देऊ नये.

३. पुण्याची माझी मेव्हणी सरिता हिला काहीही मिळणार नाही. व्याख्यानात मी अमेरिकेतल्या दोन नळांचे चित्र दाखवले, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. कातडीच्या रंगावरून पाणी वेगळे करणारी माणसे कशी घडतात यावर मी वीस मिनिटे बोललो. मग चहाची वेळ झाली. चार वाजताचा चहा मीच करतो, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. फोलाके शेजारी बसल्या. त्यांनी कप उचलला तेव्हा अश्लेषाने विचारले, "काका, कपाच्या बुडाला लाल ठिपका कसला?" पुण्याहून सामील झालेली सरिता म्हणाली, "अगं, मीच लावलाय, नेलपॉलिशचा. दीड वर्षापूर्वी नाताळात तिकडे होते ना, तेव्हा. त्या बाईंचा कप वेगळा ओळखायला बरा." साठ माणसे ऐकत होती. पुरुषोत्तम म्हणाले, "प्रॅक्टिकल आहे."

४. हे घर मुलगा सारंग याला द्यावे, पण एका अटीवर. हा प्रकार फोनवर सांगितला तेव्हा तो इथल्या पद्धतीने, चालायचंच अशा अर्थी, म्हणाला, "इट्स ग्रँड, डॅड. मावशी वॉज ओन्ली बीइंग केअरफुल." म्हणून मी आधी अशी अट लिहिली होती की शोकसभेत फोलाकेंसमोर सारंगने आणि सगळ्या मंडळाने त्याच कपातून चहा प्यावा. मसुदा फोलाकेंना इंग्रजीत वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला तिथे उभं करू नका, डॉक्टर. घरही नको. गाडी घेईन, बसने दीड तास जातो." मी ओशाळलो, आणि ते लपवायला सरितावर भरपूर तोंडसुख घेतले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या बाई पंधरा दिवस राहून गेल्या. नंतर दीड वर्ष स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या फळीवरून तोच कप रोज कोण काढत होतं?"

मी काढत होतो. सरिताने एकदा सांगितले आणि मी कधीही चुकलो नाही. ठिपका पुसायला रिमूव्हरचे दोन थेंब पुरले असते. मला स्वतःची शिसारी येते. फोलाकेंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होते.

सारंगने हे कलम शोकसभेत मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचावे. गाळल्यास घर विकून रक्कम इथल्या निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेला द्यावी.

५. कलम तीनमधले पहिले वाक्य मी मागे घेतो, बाकीचे राहू द्यावे. सरिताला माझ्या दिवंगत पत्नीचे, शुभदाचे, चांदीचे ताट द्यावे. तिला कोरडी ठेवून मी स्वच्छ होत नाही.

६. तो कप ठिपक्यासकट सारंगला द्यावा. जूनपासून मी त्यातूनच चहा पितो. चव तीच आहे.

लॉकडाऊनमुळे दोन्ही साक्षीदार खिडकीबाहेर बागेत उभे होते. त्यांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. फोलाके लाभार्थी असल्याने साक्षीला नाहीत. त्या आत होत्या. चहा मी केला. कप त्यांनी स्वतः निवडला.

सही: प्रताप बाळासाहेब सरनोबत
साक्षीदार: डॉ. योगिनी देशमाने; पॉरिक गॅलाहर, शेजारी
लेटरकेनी, ११ फेब्रुवारी २०२१