टॅपिरबाईंचा संसार आणि माझी हद्दपारी

तीर्थरूप काका आणि काकू, दोघांच्या पायांवर तुमच्या धाकट्या पुतण्याचं डोकं.

काका, गुडघा कसा आहे? काकूंचा डावा कान आता ऐकतो, की अजून सोयीपुरतंच ऐकतो? (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नये.) इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. मला झोप नाही आणि जेवताना घास तोंडात नुसता फिरत राहतो.

आमच्या प्राणिसंग्रहालयात जागा कमी पडते आहे, म्हणून कोणते दुर्मीळ प्राणी ठेवायचे आणि वाढवायचे हे महिनाअखेरच्या बैठकीत ठरणार आहे. जंगलात ते किती उरलेत, जोडी जवळच्या नात्यातली तर नाही ना, पिल्लं होतील का आणि लोक बघायला थांबतात का, एवढं बघतात. माझ्याकडे टॅपिरचं जोडपं आहे. (टॅपिर म्हणजे अंग डुकराचं आणि सोंड करायला घेऊन मध्येच कंटाळा आल्यासारखं नाक. स्वभावाने गरीब.) पहिल्या दोन प्रश्नांत आम्ही उत्तम पास आहोत. लोक मात्र ‘डुक्कर आजारी दिसतंय’ म्हणतात आणि पाणमांजरांकडे जातात. त्या पाणमांजरांना मोठं तळं हवंय आणि साहेबांचा डोळा आमच्याच जागेवर आहे. राहता राहिली पिल्लं. त्यांची चिन्हं नसतील तर जोडी दूर कुठेतरी धाडणार, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. काका, त्या मादीला मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय. ती गेली तर मी काय करू, मला खरंच कळत नाही.

म्हणून मी जिवाचं रान केलं. आडोशाला गोणपाटं बांधली. नराच्या बाजूला केळी टांगली, म्हणजे ही तिकडे जाईल. तर नराने ती एकट्याने खाल्ली आणि झोपला. जोडी जुळायची असली की दोघं डबक्यात एकत्र उतरतात असं वाचलं होतं. ती उतरेना, म्हणून पाणी चांगलं आहे हे दाखवायला मीच आत जाऊन बसलो. नेमके तेव्हा साहेब पाहुण्यांना घेऊन आले. (त्या दिवशी आमच्या पिंजऱ्यापुढे चांगली गर्दी झाली, पण ती हिशेबात धरत नाहीत म्हणे.)

शेवटी आमच्या डॉक्टरीणबाई दिवसभर बघत बसल्या. मी जिथे उभा राहतो तिथेच मादी कुंपणाला नाक लावून उभी. नर जवळ आला की त्याला ढुशी. संध्याकाळी बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “तिला नवरा नकोय, तुम्ही हवे आहात. तुम्ही इथून जा.”

मी रजा घेऊन घरी बसलो. पण आमचं घर संग्रहालयाच्या भिंतीला लागून, त्यामुळे ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून शीळ घालत होती. (टॅपिर शीळ घालतात.) माझी बायको ऐकत होती. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी एक तरी केळं सोललंत का, एवढंच तिने विचारलं.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा.

तुमचा,
धाकटा पुतण्या

ता. क. तुमची मागची खोली रिकामी असेल तर बैठक होईपर्यंत येऊन राहू का? माझा काडीचा त्रास होणार नाही.

ता. क. २ पत्र टाकायला स्टेशनवर आलो तर तुमच्याकडची गाडीच उभी होती. तेव्हा उत्तर पाठवू नये.

ता. क. ३ तुमच्या दाराला कुलूप आहे, म्हणून पायरीवर बसून लिहितोय. आत्ताच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी गेल्यावर तासाभरात शीळ थांबली. आता दोघं डबक्यात एकत्र बसलेत, आणि ते पाहून साहेबांनी जोडी ठेवायचं कबूल केलंय. मला फार आनंद झाला. मग थोडं रडूही आलं. निदान एक दिवस तरी तिने वाट बघायला हवी होती. बाईंनी बजावलंय, पिल्लू होईपर्यंत तिकडे तोंड दाखवायचं नाही. टॅपिरला तेरा महिने लागतात. काका, मी दोनच सदरे आणलेत.