बापूची नजर, माझा झारा

१२ नोव्हें., मंगळ.
गुळाचं दुसरं आधण बरं उतरलं. पहिल्याला मी चुकले. उकळत्या रसावर मळीचा फेस आला तेव्हाच नेमका जाळ घालणारा महादू खालून काहीतरी विचारत होता, मी त्याच्याकडे बघितलं आणि झारा वाजवायचा राहिला. बापू तसाच उभा. काहील उतू जायला बोटभर अंतर. शेवटी वासावरून त्याला कळलं. "सरू," एवढंच म्हणाला, हळू. कुणाच्या लक्षात आलं नाही. (आलं असेल?)

एकदा टकटक = मळी आली. दोनदा = रंग फिरला. तीनदा = बापू, मागं सर. चौदा महिने हे चाललंय. रामपाल गुळव्याचा, म्हणजे माझ्या बापूचा, गूळ म्हणून लोक लांबून येतात, आणि काहिलीत काय चाललंय ते रामपाल गुळव्याला दिसत नाही. मला दिसतं. मी मळी काढते आणि काठावर झारा आपटते. लोकांना वाटतं पोरगी झारा झटकतेय.

हे माझंच मला कशाला समजावून सांगतेय? कुठंतरी एकदा लिहून टाकावं वाटलं. बोलायची सोय नाही.

१४ नोव्हें.
मनगटावर परवाचा फोड फुटला. बापूने चाचपून बघितलं आणि कोरफड कापून आणली. कोरफड कुंपणाला आहे, तिथवर तो कुणाचा हात न धरता जातो. गुऱ्हाळावरची प्रत्येक पायरी त्याला पाठ. म्हणून तर खपतंय.

आज नवीन ड्रायव्हरने विचारलं, तात्या कुठले? महादू म्हणाला, हितलेच. बापू नुसता हसला. मुजफ्फरनगरकडून आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, एक पिशवी आणि वडिलांकडून शिकलेलं गुळाचं काम. पहिली दहा वर्षं त्याला नावच नव्हतं. ए भय्या, चुना टाक. ए भय्या, बाजूला हो. मग रामपाल झाला. तात्या कधी झाला ते त्यालाही आठवत नाही. आई होती तोवर ती दोघं आपसात त्यांच्या बोलीत बोलायची, माझ्याशी मात्र दोघंही मराठीत, मोडकीतोडकी का होईना. शाळेत पोरीला कुणी चिडवू नये म्हणून. आई जाऊन नऊ वर्षं झाली. आता तो त्याची बोली फक्त काहिलीपाशी वापरतो, आकडे मोजताना. उन्नीस, बीस, इक्कीस.

गुळात पावडर टाकायची नाही हे त्यानेच मालकांना, आबांना, मान्य करायला लावलं. पिवळाधमक गूळ पाहिजे तर दुसरा गुळव्या बघा म्हणाला होता. परक्या मुलखात, दुसऱ्याच्या जागेत राहून एवढं बोलायला काय लागतं ते मला आता कळतंय. माझ्याच्याने झालं नसतं.

१९ नोव्हें.
मेल आला. बारामतीच्या डेअरीत, दूध तपासायच्या लॅबमध्ये. निवड झाली. १६ डिसें.ला सकाळी दहापर्यंत हजर व्हायचं. ड्यूटी बारा तास, मुलींचं हॉस्टेल आतच.

चारदा वाचला. बीएस्सी झाल्यापासून दोन वर्षं अर्ज करतेय. संडासात जाऊन रडले, कारण तिथंच दार लागतं.

बापूला सांगितलं नाही. सांगितलं तर तो जा म्हणेल. आणि मी गेले की दुसऱ्या दिवशी पहिल्याच आधणाला सगळ्यांना कळेल. मग नवा गुळव्या येणार, आणि त्याला राहायला हीच खोली लागणार. गुऱ्हाळावरची खोली गुळव्याची असते, माणसाची नसते.

२३ नोव्हें., शनि.
बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आबांना सांगितलं बापूची दाढ दुखतेय. आबांनी लवंगेचं तेल दिलं, वर स्वतः गाडीवरून फाट्यापर्यंत सोडलं. इतका चांगला माणूस, आणि त्याच्याशी खोटं बोलून बोलून माझी जीभ निर्ढावलीय.

डॉक्टर तेच म्हणाले. काचबिंदू. उजवा गेला तो गेला. डाव्यात समोरचं थोडं, नळीतून बघितल्यासारखं, तेही किती दिवस सांगता येत नाही. थेंब चुकवू नका, बाहेर पडताना हा काळा चष्मा लावा. धुरात, जाळापाशी काम करता का? बापू म्हणाला, न्हाय, शेती करतो.

मी येताना त्याला स्टँडवर बसवलं आणि लघवीला जाते म्हणून रिक्षाने डेअरीच्या फाटकापर्यंत जाऊन आले. काही नाही, नुसतं बघायला. पांढऱ्या कोटातल्या दोन मुली डबा खात बसल्या होत्या. एकीने माझ्याकडे बघून हात केला. कुणीतरी दुसरीच समजली असेल.

परत आले तर बापू हललाही नव्हता. बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड मी गेले त्याच दिशेला. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

२८ नोव्हें.
बारामतीत खोली घेऊन त्याला तिथं आणावं? काल दिवसभर हाच विचार. बारा तास मी ड्यूटीवर, हा आत, बाहेरून कुलूप. ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर चार माणसं काहील उचलतात त्याला पलंगावर बसवून ठेवायचं आणि संध्याकाळी विचारायचं, जेवलास का. नाही जमणार. मलाही नाही आणि त्यालाही नाही.

पण मग मी? जन्मभर टकटक?

हे लिहिलं आणि लगेच वाईट वाटलं. खोडत नाही पण.

२ डिसें.
दुपारी घाणा बिघडला, काम बंद. बापू बाजेवर. कधी बोलत नाही ते बोलला, आपणहून.

घर सोडलं तेव्हा तो न सांगता निघाला होता. पहाटे. त्याचे वडील काहिलीपाशी पाठमोरे उभे होते, याने पिशवी उचलली आणि उसाच्या गाड्यांमागून निघून गेला. सांगितलं असतं तर सोडलं नसतं, असं वाटलं म्हणे. दोन वर्षांनी गेला तर वडील नव्हते. भाऊ म्हणाला, रोज संध्याकाळी रस्त्यावर येऊन उभे राहायचे.

"जायचं आसल तर दिवसा जायाचं, सरू. सांगून. माणूस तोंडावर रागवंल, रडंल. पन त्याला वाट बघाया लावू नये."

मी पाणी आणायला उठले. याला माहीत आहे का? मोबाइल तर तो वाचू शकत नाही.

५ डिसें., गुरु.
आज बापू मेला असता.

रंग फिरला, मी दोनदा वाजवलं. त्याच वेळी उसाच्या ट्रॉलीचं फाळकं पडलं, धाडकन. बापूला वाटलं तिसरी टकटक. मागं सरायचं म्हणून सरला, आणि मागं मळीची बादली. पाय अडकला आणि सावरताना तो पुढं काहिलीकडे झुकला. महादूने खालून चढून कंबर धरली. महादू खाली चुलाणात जाळ घालतो, तो एवढ्यात वर कसा पोचला देव जाणे.

बापू कपडे झटकून म्हणाला, बादली हितं कुणी ठेवली? आणि लगेच पाण्यात चाशणीची गोळी करून बघितली, वेळ झाली होती, काहील उतरवायला सांगितली. गूळ उत्तम. आधण भिऊन लवकर उतरवायचं नाही, भिऊन उशीरही करायचा नाही, हे लहानपणापासून त्याच्याकडून ऐकलंय. पण अशा वेळीही तो ते करून दाखवतो.  

बादली मीच ठेवली होती.

९ डिसें.
ठरवलं. डेअरीला फोन केला, येणार नाही म्हणून सांगायला. पलीकडच्या बाई गोड बोलल्या, म्हणाल्या सोळापर्यंत जागा तुमचीच आहे, अधिवासाचा दाखला तेवढा आणा. मी म्हणाले, हो आणते.

हो का म्हणाले? नाही म्हणायला फोन केला होता ना बाई तू.

१२ डिसें.
इंदापूरला दाखल्यासाठी. बापूला सांगितलं मैत्रिणीकडे. दुसरं आधण चढायच्या आत येणार होते. खिडकीवरचा माणूस नाव वाचून म्हणाला, मूळ गाव? म्हटलं निरवांगी. वडिलांचं? तेही आता निरवांगीच. त्याने चष्म्यावरून बघितलं पण शिक्का मारला. एसटी पाऊण तास उशिरा. फाट्यापासून पळत आले.

आधण उतरलं होतं. थंड करायच्या वाफ्यात गूळ ओतलेला, रंग नेहमीसारखा. बापू कडेला बसून चहा पीत होता.

महादूला कोपऱ्यात गाठलं. तो बिडी विझवून म्हणाला, "मला दिवाळीपास्नं ठावं हाय. गेल्या दिवाळीपास्नं. आज म्याच वाजवलं. तात्याला वाटलं तूच हायस."

त्याचे पाय धरायला हवे होते. मला काय वाटलं सांगू? राग आला. चौदा महिने मी जिवाचं रान केलं आणि याने एका दिवसात केलं. मग बघितलं तर त्याचा हात पोळलेला. वर यायचं म्हणून खाली जाळ जास्त भरून ठेवला होता, चिपाडं भडकली. तोच म्हणाला, हे रोजचं जमनार न्हाय, एका माणसाला दोन जागा व्हत न्हाईत.

१४ डिसें., शनि.
सांगितलं. दुपारी, उजेडात, ओट्यावर त्याच्यासमोर बसून.

 त्याने विचारलं, मेल येऊन किती दिवस झाले? पंचवीस. मान हलवली. रागावेल असं वाटलं होतं. म्हणाला, लॅबात काय करायचं असतं? मी फॅट, पाणी, भेसळ असं सांगत बसले. तो ऐकत होता, मधेच म्हणाला, म्हंजे तितं बी खोटं पकडायचंच काम. खूश झाला होता.

मग म्हणाला, उद्या आबांना सांगतो. डोळ्यांचं. खोली सोडतो. मी भावाकडं जातो गावाला.

मी भांडले. कुठला भाऊ? सहा वर्षांत फोन नाही. तिथं तुला कोण ओळखतं? तिथल्या पोरांना तू मराठी माणूस वाटशील. तो म्हणाला, व्हय, गेल्या खेपेला भाऊ तसंच म्हनला.

आणि हसला. मला हसू आलं नाही. मी जायचं म्हणजे याने दुसऱ्यांदा परका व्हायचं, तेही डोळ्यांशिवाय.

रात्री जेवलो नाही दोघंही. बॅग मात्र भरली. त्यानेच भरायला लावली.

१५ डिसें., रवि. सकाळ
बापूने पांढरा सदरा काढायला सांगितला. माझा हात घेतला नाही. मी मागून चालले. आबा आंघोळ करून ओसरीत पेपर वाचत होते.

बापूने उभ्या उभ्या सांगितलं. दिसत नाही. चौदा महिने फसवलं तुम्हाला. पोरीची चूक नाही, मी सांगितलं तसं ती वागली. महिनाअखेर खोली रिकामी करतो.

आबांनी पेपर घडी करून ठेवला. बस म्हणाले. मग बोलले बापूशी, पण बघत माझ्याकडे होते.

"रामपाल, मला काय कळत न्हाय व्हय? दाढ दुखतीय म्हून कोन काळा चष्मा लावून येतं का? वरीस झालं, गूळ पोरीच्या हातचा हाय. तुझ्या कानाचा आन् तिच्या डोळ्याचा. त्याला मी नावं ठिवली का कधी? आजपास्नं सरोज गुळवी. सगळ्यांसमोर, उघड. ती हाय तवर खोली तुमची. तू बस की खुर्ची टाकून."

पंचक्रोशीत कुणी बाईला काहिलीवर उभं केलेलं नाही. आबांना वाटलं मी पाया पडेन. मी पडलेही, सवयीने.

आणि मी बापूचं तोंड बघितलं. तो इतका आनंदला होता. उसाच्या गाड्यांमागून पळून आलेला माणूस, त्याची पोरगी गुळवी, मालकाच्या तोंडून. डोळ्यांतून पाणी. डेअरीचं तो त्या क्षणी विसरला होता. मला शपथेवर सांगता येईल.

विसरला त्याबद्दल त्याचा राग येत नाही. हेच वाईट आहे. आबा ओरडले असते तर किती सोपं होतं.

संध्याकाळ
परत येताना वाटेत त्याला आठवलं. चालता चालता थांबला. "आबांना बारामतीचं सांगाया पायजे व्हतं," म्हणाला. मी म्हणाले, राहिलं. कोण सांगणार होतं, तो की मी, हे दोघांनीही काढलं नाही.

महादूने सगळ्यांना चहा पाजला. गडी मला गुळवीण म्हणून हाका मारतायत, चिडवायला पण प्रेमाने. उद्याच्या पहिल्या आधणाचा चुना मी भिजवला. हात आपोआप गेला.

आबांचा शब्द माझ्यावर आहे. मी आहे तोवर खोली. मी नाही तर बापू गावाला, भावाच्या दारात. आणि मी आहे तर मी इथंच, हा जाईपर्यंत, आणि असा हिशोब बापाच्या बाबतीत मनात येतो त्याबद्दल मला स्वतःची किळस येते.

झोपताना त्याला थेंब घातले. विचारलं, बापू, मी काय करू? आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं. काहिलीवर तो एका श्वासात ठरवतो. आता माझा हात धरून पडून राहिला, खूप वेळ, मला वाटलं झोपला.

"मला नगं इचारू," म्हणाला. "मी तू ऱ्हा म्हनंन."

बॅग दारापाशी आहे. पहिलं आधण पाचला चढतं, बारामतीची बस सातची. फाट्यावर तिला थांबा नाही, रस्त्यावर उभं राहून हात केला तरच थांबते.