पत्रावरचं गंध

कुंभकोणम, विजयादशमीचा दुसरा दिवस, १९५४

तो माणूस गेला, पण राग जात नाही. तंजावरच्या संग्रहात आमच्या घरचं जुनं मोडी पत्र ठेवावं म्हणून धाकट्या भावानेच त्याला बोलावलं होतं. दरवर्षी सरस्वतीपूजेला मी ते देवापुढे मांडतो आणि पहिल्या ओळीवर गंध लावतो. तीस वर्षांचं गंध. त्याने भिंग धरलं नि हसला. "कागदाला अभिषेक तेवढा करायचा राहिला की हो, राव!"

भाऊही हसला. निर्लज्ज! वर म्हणतो, "अण्णा, देऊन टाका. तुमच्या हातात हे टिकायचं नाही."

मी पत्र ओढून घेतलं. पूर्वजांच्या अक्षराला गंध लावणं हा काय गुन्हा? गंधाखालची ओळ आता कुणालाच दिसत नाही, हे मात्र खरं.

त्याने वही काढली. "बरं, पत्र राहू द्या. ती ओळ काय होती तेवढं सांगा, लिहून घेतो."

"घरातलं परक्याला सांगत नाही," म्हणालो आणि त्याला दार दाखवलं.

काय सांगणार होतो? वडिलांनी मला मोडी वाचायला शिकवलं होतं. तीस वर्षं मी त्या पत्राला नमस्कार केला. वाचलं एकदाही नाही.