ओल्गिएर्दच्या ताटातलं काळं सार

पोझनान, १२ ऑक्टोबर १९६७

ति. पेलागियाताईस,
सेवेरीनाचा शि. सा. न. वि. वि.

खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारते. आज मला तुझ्या खुशालीशी काही देणंघेणं नाही. रविवारी ओल्गिएर्द तुझ्याकडून निघाला तो थेट माझ्या दारात. माझ्या ग्राझिनासाठी नेलेली फुलं तशीच हातात. म्हणाला, काळं सार वाढलंत, उत्तर मिळालं. आणि जिना उतरून गेला.

अगं, मागणी घालायला आलेल्या मुलापुढे बदकाच्या रक्ताचं सार ठेवलं की नकार, हे शेंबडं पोरही जाणतं! त्यातून तो पूर्वेकडच्या जुन्या वळणाच्या घरातला. नोकरी पक्की, दोन खोल्यांची स्वतंत्र जागा. इथे आम्ही मायलेकी एका खोलीत पडदा लावून झोपतो. असं स्थळ पुन्हा चालून येणार आहे का? तुला पोटची पोर नाही, म्हणून माझ्या पोरीचा संसार मोडलास.

लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

सेवेरीना


झेर्कूव, १७ ऑक्टोबर १९६७

चि. सेवेरीनास,
अ. आ.

पत्र वाचून आधी चुलीत घालणार होते. मग म्हटलं, उत्तर दिल्याशिवाय जाळायचं नाही.

नकाराची ती रीत सरदारघराण्यांची; आपल्याकडे हे सार रविवारचं पक्वान्न. लहानपणी त्यातले माझ्या वाटणीचे मनुके तूच पळवायचीस. शहरात गेलीस आणि एकदम सरदारीण झालीस होय? आणि रक्त काय माझ्या परसात सांडलं होतं? गुडघे गेल्यापासून मी बदकं पाळत नाही. दुकानातलं बदक कोरडं ठणठणीत. खाटीक म्हणतो, रक्त विकायला वरून मनाई आहे.

तुझी लेक शुक्रवारी आली ती हे सार हवं म्हणूनच; ओल्गिएर्दला रविवारी इथेच जेवायला बोलावलं होतं तिने. माझी सायकल घेऊन गावोगाव हिंडली. शेवटी गिरणीपलीकडची रोझालिया एक बदक कापायला तयार झाली. रक्त गोठू नये म्हणून वाडग्यात व्हिनेगर घालून ग्राझिना स्वतः ढवळत बसली. कोंबडीचं पीस पाहून किंचाळणारी पोर ती! मला वाटलं, होणाऱ्या नवऱ्याला आपल्याकडचं खाऊ घालायची हौस. मी आनंदाने सारात घालायला सुकी पेअर काढून दिली, शेवया वळल्या.

ताट तिनेच त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वर पाहिलं. तिने नजर खाली केली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी गप्प बसले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा गप्प बसेन.

मला पोर नाही, खरं आहे. पण जिला आहे तिच्याजवळ बोलायची सोय नसावी, म्हणून पोरीला बदक शोधत फिरावं लागलं, याची लाज कुणाला वाटायला हवी?

माया आहे, ती तुझ्या असल्या पत्राने आटायची नाही. राग मात्र पुरेसा आहे.

तुझी ताई


झेर्कूव, १८ ऑक्टोबर १९६७

ति. आईस,
सा. न.

मावशीवर तोंड सोडू नकोस. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

मी तुला हे लग्न नको म्हणून सांगितलं, तू म्हणालीस कपड्यांना इस्त्री कर. पुन्हा सांगितलं, तू त्याच्या खोल्यांना कोणत्या रंगाचे पडदे शोभतील ते विचारलंस. त्याला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, तुझ्या आईशी बोलणं झालंय, आता तुझं काय? मी समोर उभी होते, आई, आणि तो मलाच विचारत होता, आता तुझं काय!

म्हणून बदक शोधलं. त्याच्या घराण्यात मुलीच्या तोंडचं 'नाही' चालत नसेल, पण ताटातलं चालतं. मुकाट्याने टोपी उचलून गेला. मला इतका संताप आला की ते सार मीच बसून संपवलं. चांगलं झालं होतं.

मी मावशीकडे आहे. उत्तर तिला नको, मला लिही. त्यात त्याचं नाव आलं, तर पुढचं वाचणार नाही.

तुझीच,
ग्राझिना