उसनी चूल

अकोला, ६ जानेवारी २०२५

चि. संध्यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

फोनवर तू ‘हो दादा, हो दादा’ म्हणत विषय संपवतेस, म्हणून लिहितो. आपली प्रियदर्शनी ज्यात गाणार आहे, तो ‘धडाड’ स्पर्धेचा कार्यक्रम काल टीव्हीवर पाहिला. शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी रॉक अँड रोल म्हणे. एक पोरगा गुडघ्यांवर घसरत गिटार बडवत होता. गिटारची वायर कुठेच जोडलेली नव्हती. मध्येच कुणी जादू केली, कुणी नकला. आणि दर गाण्याआधी गाणाऱ्याच्या गरिबीची फिल्म. परीक्षकांनी डोळे पुसले की लगेच शाम्पूची जाहिरात. आमच्या गायन पार्टीत तीस वर्षांत कुणी रडून टाळी घेतली नाही. भाचीचा गळा चांगला आहे, तो कशाला नासवता?

संघपालरावांना जयभीम. बोललो ते मायेपोटी, हे ध्यानात असू दे.
देवमनदादा

राजापेठ, अमरावती, १० जानेवारी

ती. दादांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पोरीला वाचून दाखवलं. मामाच्या पार्टीत ढोलकीवालाच पेंगतो, टाळ्या कोण देणार, म्हणाली. खूप हसलो.

पण एक सांगायचं आहे. ती शिकवणीला गेली असताना कार्यक्रमवाले घरी आले. हे पाणीपुरवठ्यात इंजिनीयर आहेत, ते त्यांना चालेना. हमाल सांगा म्हणाले. फ्रिजवर चादर टाकली. शेजारच्या मनकर्णाबाईंची चूल आणून अंगणात मांडली आणि मला भाकरी थापायला बसवलं. मला सवय गॅसची. धुराने डोळे भरून आले, त्यांना तेच पाहिजे होतं. त्याशिवाय अंतिम फेरी नाही म्हणाले, म्हणून बसले. फिल्म येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी हॉलमध्ये दाखवतील आणि रविवारी टीव्हीवर. पोरीला काही माहीत नाही. हे तर माझ्याशी बोलतच नाहीत.

रागवा, पण पत्र बंद करू नका.
तुमची संध्या

अकोला, १४ जानेवारी

चि. संध्यास,
आज आशीर्वाद लिहिताना हात जड झाला, तरी लिहितो.

आपल्या बाबांनी अकोटच्या जिनिंगमध्ये पाठीवर कापसाच्या गाठी वाहिल्या. ते दुःख त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांतही मांडलं नाही. त्यांचा जावई इंजिनीयर झाला आणि तू त्याला पुन्हा हमाल केलंस, तेही शाम्पू खपवायला. पोरीने हे भरल्या हॉलात पहिल्यांदा पाहू नये. शनिवारच्या आत सांग. मग गायचं की नाही, ते तिलाच ठरवू दे.

माया आटलेली नाही.
दादा

अमरावती, २० जानेवारी

ती. मामांस,
जयभीम.

काल टीव्हीवर मी दिसले नाही, कारण मला कापलं. आईने शुक्रवारी सगळं सांगितलं. मी तरी शनिवारी हॉलमध्ये गेले. आपली फिल्म लागली तशा पुढे बसलेल्या मुली रडायला लागल्या. निवेदिकेने माइक दिला. मी म्हटलं, “माहे बाबा इंजिनीयर हायेत. चूल उसनी आणली होती. आता गाणं आयका.” हॉलभर हशा, शिट्ट्या. मग मी गायले, मामा, आणि चांगली गायले.

तुम्ही शाबासकी द्याल, पण थांबा. माझ्यानंतर धामणगावच्या योगेशची फिल्म होती. त्यात त्याची आई हातगाडीवर भाजी विकत होती. मागून कुणीतरी ओरडलं, गाडी कोणाची उसनी आणली. सगळे पुन्हा हसले. योगेशचा सूर पहिल्याच ओळीत गेला.

त्याची आई खरंच भाजी विकते, मामा. ती पहिल्या रांगेत बसली होती.

येत्या रविवारी मी आणि आई धामणगावला त्यांच्या घरी जाणार आहोत. तिथे जाऊन काय बोलायचं, ते दोघींनाही सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर शनिवारच्या आत कळवा.

तुमची भाची,
प्रियदर्शनी