भाकरी, फडकं आणि चंदेरी कागद

आई, आज सकाळी सावेडीतल्या माझ्या स्वयंपाकघरात भाकरी गुंडाळताना तुझी इतकी आठवण आली, की गॅस बंद करून मी तशीच उभी राहिले. तू गेलीस तेव्हा माझे केस काळेभोर होते, आता मीच आजी झाले आहे. तरी भाकरी बिघडली की अजून मान वळवून तुझ्याकडेच बघावंसं वाटतं.

अण्णा आता माझ्याकडे असतात. दात राहिले नाहीत, आणि हल्ली खाणं इतकं कमी झालंय की ताटावर नुसती बोटं फिरवून उठतात. मला धास्तीच बसली आहे. खिचडी नको, दुधात कुस्करलेली पोळी नको. बाजरीची भाकरीच हवी, तीही कारखान्यात डबा उघडायचे त्या वेळेला, आणि मऊ. मी सकाळी भाकरी करून कामावर जाते आणि दुपारी स्कूटीवरून जेवायला घरी येते. तोवर ती टिकवायची कशी? तव्यावरची भाकरी मी थेट फॉइलमध्ये घट्ट गुंडाळली, तर दुपारी खालून चिखल झालेला. उघडी ठेवली तर पापड. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चकचकीत बाजू आत ठेवा. तेही करून पाहिलं, चिखल तो चिखलच. एकदा कागदासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तर आत ठिणग्या उडाल्या आणि अण्णा बाहेरून ओरडले, "आगं, दिवाळी हाय का काय?"

मग काल आपलं राहात्याचं स्वयंपाकघर आठवलं. पुण्याच्या मावशीने तुला याच चंदेरी कागदाचं भेंडोळं भेट दिलं होतं. "भाकरीला कशाला दागिने?" म्हणून तू हसलीस, पण दुसऱ्याच दिवशी ते वापरायला काढलंस. तू भाकरी तव्यावरून उतरवतेस, दुरडीच्या काठाला उभी टेकवतेस. मी हौसेने कागद फाडून पुढे करते, तर हातावर चापट बसते. "वाफ जाऊ दे आदी. गरम गरम बांदली की तिला घाम सुटतो." मग अण्णांच्या जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं, त्यात भाकरी, आणि वरून कागद, तोही कडा सैल ठेवून. मी लिंबू पिळलेला ठेचा त्याच कागदात बांधायला गेले, तर दुसरी चापट. "आंबट न्हाई ठेवायचं त्यात. कागदाला भोकं पडत्यात आन् ते पोटात जातंय." ठेचा स्टीलच्या डबीत जायचा.

संध्याकाळी अण्णा रिकामा डबा मोरीत ठेवायचे आणि मुकाट पेपर उघडायचे. भाकरी चांगली झाली होती, एवढंसुद्धा कधी तोंडातून निघालं नाही. तू डब्यात डोकावून म्हणायचीस, "खाल्ली म्हंजी आवडली." मला भारी राग यायचा. बोलायला काय जातं या माणसाचं! तू हसायचीस खरी, पण डबा उघडण्याआधी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघायचीस. ते बघणं मी विसरलेले नाही.

आज सगळं तुझ्यासारखं केलं. वाफ जाऊ दिली, फडकं घेतलं, कागद सैल ठेवला, आणि कामावर उशिरा पोहोचून बोलणी खाल्ली. दुपारी अण्णांनी भाकरी आमटीत कुस्करली आणि सगळी संपवली. वर अजून अर्धी मागून घेतली. मला रडूच आलं. हल्ली तू नाहीस हे त्यांच्या ध्यानात राहत नाही, आणि दर वेळी नव्याने सांगणं मी आता सोडून दिलं आहे. हात पुसत त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिला सांग, भाकर लई मऊ हुती. रोजच असती. मीच कदी बोललो न्हाई."

"सांगते," म्हटलं. म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, घडी घालून कपाटात ठेवीन. एक मात्र कबूल करते, आई. "अण्णा, भाकरी मी केली होती," हे अगदी ओठांवर आलं होतं. मलाही ते शब्द हवे होते गं. पण इतक्या वर्षांनी निघाले ते तुझ्यासाठी, म्हणून गप्प बसले.