चाखण्याचा रकाना

६ नोव्हेंबर
दुर्गाची पट्टी आज पुन्हा बिघडली. लागोपाठ तिसरी. (नाव बदललंय, वहीतसुद्धा.) पंधरा वर्षांची पोर, सातवीपासून तंबाखूचा खर्रा खाते, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. पंधरवड्याला पट्टीवर लाळेची तपासणी. तंबाखू निघाला नाही तर बरणीतून बक्षिसाची चिठ्ठी उचलायची. एवढाच आमचा उपचार, आणि बाकीच्या पोरांवर चालतोय. ही मात्र डोळ्यांत डोळे घालून सांगते, "मी खाल्लाच नाही, म्याडम. खोटं कायले बोलू?"
चौथी बिघडली तर माझ्या पीएचडीच्या अभ्यासातून नाव कमी. नियम माझाच. धडधडीत खोटं बोलते पोरगी. फार चिडले.

९ नोव्हें.
गाइडसरांना फोन. तक्रार ऐकून घेतली, मग एकच प्रश्न: "तिच्या घरी गेली होतीस?"
नाही गेले. गोंदियात बसून प्रश्नावली किती छान झाली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होते.

११ नोव्हें.
अर्जुनी मोरगावपर्यंत बस, पुढे दुर्गाच्या वडिलांच्या, सुखदेवभाऊंच्या गाडीवर. बांध्यांत धानकापणी. मी टेकते न टेकते तोच दुर्गानं प्लास्टिकची पन्नी काढली. सुपारी, तंबाखू, चुना. लागली घोटायला. वडिलांसाठी, दिवसातून तीनदा. "तिच्याच हातचा जमते," भाऊ कौतुकानं. मग तिनं चिमूटभर जिभेवर ठेवला, चुना बरोबर पडला का पाहिलं, थुंकली.
हे काय, विचारलं.
"चाखला. खाल्ला कुठं?"
माझ्या प्रश्नावलीत चाखण्याचा रकानाच नाही. पोर खरं बोलत होती आणि मी तिला... लाज वाटली.
भाऊंना पट्टीचं सगळं समजावलं. "म्हंजे मीच देऊन राहिलो का तिले?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. ठरलं: आपला खर्रा आपण घोटायचा.

१६ नोव्हें.
भाऊंचा फोन. "चुना जास्त पडला, म्याडम. तोंड सोललं." मागे दुर्गा हसत होती. तिचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२० नोव्हें.
चौथी पट्टी. साफ! चिठ्ठीत केसांची क्लिप निघाली, तिथंच लावली. तिसरं बोट अजून तोंडात जात नाही. तोंडाचे व्यायाम चालू ठेवायचे, बघू.
भाऊ दाराशीच उभे. "सकाळपासून नाही खाल्ला. चाखला बी नाही. माही बी पट्टी करता का?"
अभ्यास तेरा ते अठरा वयाचा. भाऊ बेचाळीसचे. केली. तंबाखू निघाला, निघणारच होता. तरी भाऊंनी बरणीकडे पाहिलं. दुर्गानं ती आपल्याकडे ओढून घेतली.
"आता नाही भेटत, बाबा. पुढच्या बारीले."
भाऊंनी माझ्या पेननं पुढची तारीख तळहातावर लिहून घेतली.